कुठल्या धर्मग्रामाचे?

रविवार, ७ सप्टेंबर

आज मला दारावरून काढलं.

मुलीच्या पहिल्या कम्युनियनपासून दर रविवारी नऊच्या मिस्सेला चर्चच्या मोठ्या दारात मी उभी असते. कुणाला कुठे बसवायचं, रडणारी पोरं कुठल्या बाजूला, उशिरा येणाऱ्यांनी भिंतीच्या कडेने कसं जायचं, सगळं मी बघते. शाळेत आयुष्यभर पीटी शिकवली, रांग लावणं माझ्या हाडात आहे. मागून मला शिट्टीबाई म्हणतात हेही मला माहीत आहे. म्हणोत. मी नसते तर त्या चर्चचा बाजार झाला असता.

आणि झालं काय, तर मिस्सा सुरू झाल्यावर एक टॅक्सीवाला आत आला. बोटात किल्ल्या, शर्ट पाठीला चिकटलेला. इकडेतिकडे न बघता सरळ शेवटच्या बाकाच्या टोकाला गेला, बरोबर जिथे माझी पर्स ठेवलेली असते तिथे, आणि पर्स उचलून बाजूला ठेवायला लागला. मी जाऊन विचारलं, कुठल्या धर्मग्रामाचे? तो म्हणाला, इथला नाही, भाडं सोडलं तेव्हा घंटा ऐकू आली. मी म्हटलं, प्रत्येकाच्या वस्तीला आपापलं चर्च नेमून दिलेलं असतं ते उगाच नाही, आणि ही जागा धरलेली आहे. एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही. त्याने क्रूसाची खूण केली आणि निघून गेला. बाकीची बाकं रिकामी होती. बसायचंच असतं तर बसला असता.

मिस्सेनंतर नव्या फादरांनी मला वेदीमागच्या खोलीत बोलावलं. ह्यांचं वय माझ्या मुलीएवढं. म्हणाले, "बाई, तो माणूस मिस्सा न ऐकता गेला. मी वेदीवरून बघत होतो."

मग मला शिकवायला लागले. रविवारी मिस्सेला येण्याचं बंधन आहे, पण ती आपल्याच धर्मग्रामात ऐकली पाहिजे असं बंधन कुणावर नाही. कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये ऐकली तरी चालते, शनिवार संध्याकाळची ऐकली तरी चालते. धर्मग्रामाची हद्द असते ती फादरांनी कुणाची काळजी घ्यायची हे ठरवायला, लोकांना दारातून परत पाठवायला नाही. शेवटी म्हणाले, "काही दिवस दारात उभ्या राहू नका. बसून मिस्सा ऐका."

बसून! मला! कानामागून आले आणि तिखट झाले.

सोमवार, ८ सप्टेंबर

लेकीला सांगितलं. वाटलं होतं, आईचा अपमान झाला म्हटल्यावर तिचं रक्त खवळेल. ती हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, ड्यूटीवरून येऊन सोफ्यावर पाय वर करून बसली होती. डोळे न उघडता म्हणाली, "आई, मीही कित्येक शनिवार हॉस्पिटलजवळच्या चर्चला जाते. मला पण तिथून कुणी हाकलावं का?"

मी म्हटलं, नोकरीची गोष्ट वेगळी. तुझ्या पप्पांनी जन्मभर बस चालवली. रविवारची ड्यूटी लागली की जिथे गाडी थांबेल तिथल्या चर्चमध्ये खाकी कपड्यात मिस्सा ऐकून यायचे. मी कधी बोलले का?

"म्हणजे बसवाल्याला चालतं, टॅक्सीवाल्याला नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. शिकवून शहाणं केलं त्याचं हे फळ. वर म्हणते, शुभवर्तमानात कुसळ आणि मुसळाचं सांगितलंय ते एकदा वाच. मी रोज वाचते. लोकांनी वाचावं असं मला वाटतं.

हे असते तर माझ्या बाजूने उभे राहिले असते. तसे हे भांडणारे नव्हते. मी दारात कुणाला "कुठल्या धर्मग्रामाचे?" असं विचारलं की हे शेवटच्या बाकावर बसून गालातल्या गालात हसायचे. घरी येऊन मी जाब विचारायची, त्यात हसण्यासारखं काय होतं? म्हणायचे, "काही नाही, तुझा आवाज छान लागतो." मी कितीदा म्हटलं, पुढे चला, माझ्या नवऱ्याला पहिल्या बाकावर जागा मिळणार नाही तर कुणाला? नाही म्हणायचे. आपण मागेच बरे, पाहुण्यासारखे. शेवटच्या बाकाचं टोक त्यांनी कधी सोडलं नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

लोकांना वाटेल, एका टॅक्सीवाल्यावरून एवढं काय. पण ह्या फादरांनी मला पहिल्यापासून डावललं आहे. आल्या आल्या घराघरांत जाऊन भेटी दिल्या, घरं आशीर्वादित केली. बाजारातल्या बेकरीवाल्याकडे गेले. इस्त्रीवाल्याच्या एका खोलीत गेले, तिथे तर बसायला जागा नाही. कालव्याच्या पलीकडे एक घर सोडलं नाही. पूल ओलांडून आमच्याकडे यायला मात्र पाय दुखले. मी बिस्किटं आणून ठेवली होती, शेवटी मऊ पडली.

जुने फादर दर वर्षी न चुकता यायचे. पुढच्या खोलीत बसून चहा घ्यायचे, ह्यांच्याकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, काय मग, जमतंय ना? दोघांचं काहीतरी गुळपीठ होतं. माणसं होती ती.

तेव्हा आज ठरवलं. कुणावर बंधन नाही ना? मग माझ्यावरही नाही. चर्चच्या ऑफिसात फोन करून सांगितलं की पाच ऑक्टोबरला ह्यांना जाऊन वर्ष होतंय, त्या दिवशी ह्यांच्या नावाने वर्षाची मिस्सा सांगितली होती ती रद्द करा, मी दुसऱ्या चर्चमध्ये सांगते. फोनवर फादरच होते. म्हणाले, बरं.

नुसतं "बरं".

गुरुवार, ११ सप्टेंबर

लेक माझ्याशी बोलत नाही. काल रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "पप्पांना तिथे पुरलंय, आई. त्यांची वर्षाची मिस्सा तिथे नाही तर कुठे?" मी म्हटलं, मिस्सा कुठेही लागू होते, विचार तुझ्या लाडक्या फादरांना. तिने ताट उचललं आणि आत गेली. अर्धं अन्न तसंच होतं.

मलाही का हौस आहे? पण एकदा शब्द तोंडातून गेला की गेला.

रविवार, १४ सप्टेंबर

दुसऱ्या चर्चला जाऊन आले.

आमच्या घरामागे दूध डेअरी आहे, तिथून सरळ गेलं की आलंच. घरातून निघाले आणि चपला पायात नीट बसायच्या आत पोचले. आमच्या चर्चला जायचं म्हणजे पूल, बाजार, शाळेचा चढ. इतकी वर्षं ह्या रस्त्याने शिलाई मशीन दुरुस्तीला नेलं, ह्या चर्चच्या आत कधी डोकावले नव्हते. आपलं नाही तिथे कशाला डोकावायचं?

दारात अंबाडा घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. येईल त्याला आत सोडत होत्या. हसून मान हलवायची, झालं. कोण, कुठले, काही नाही. मलाही कुणी काही विचारलं नाही. मी उत्तर तयार करून गेले होते, तेही वाया गेलं. अशाने शिस्त राहते का?

गाणी रेंगाळत म्हणतात. गुडघे टेकायच्या फळ्या करकरतात. मी मधल्या बाकावर बसले आणि सवयीने पर्स बाजूला ठेवली. तेवढ्यात एक कुटुंब आलं, बाई, बाप्या, दोन मुली. "इथे कुणी आहे का?" विचारलं. मी पर्स उचलली. काय सांगणार?

मिस्सा चालू असताना डोळ्यांना फार त्रास झाला. मला धुपाची ॲलर्जी आहे. आज त्यांनी धूप लावला नव्हता, पण कुठेतरी शिल्लक असणार.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दूध उतू गेलं. फादरांचा दोनदा फोन आला, उचलला नाही. दुसऱ्यांदा बराच वेळ वाजला.

रविवार, २१ सप्टेंबर

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय ते आज कळलं.

मिस्सेनंतर त्या चर्चच्या ऑफिसात गेले. तिथेही अंबाडेवाल्या बाईच. त्यांना म्हटलं, मी बाहेरची आहे, पलीकडच्या धर्मग्रामाची, पण मला नवऱ्याची वर्षाची मिस्सा इथे सांगायची आहे, चालेल का? नाही म्हणाल्या असत्या तर चार शब्द सुनवायची तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, हो, का नाही चालणार, आणि राहता कुठे?

सांगितलं. डेअरीच्या मागची गल्ली.

"मग बाहेरच्या कशा? तुम्ही आमच्याच."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून मी पलीकडे जाते. मुलीचा बाप्तिस्मा, कम्युनियन सगळं तिकडे. मी तिथे दारात उभी असते. बाईंनी वाद घातला नाही. मला बाहेर पडवीत नेलं. तिथे भिंतीवर धर्मग्रामाचा नकाशा रंगवलेला आहे, शाळेतल्या पोरांनी काढल्यासारखा, हिरवी झाडं आणि लाल छपरं. मधून निळा कालवा. कालवा हीच हद्द, त्या म्हणाल्या. पुलाच्या अलीकडचं सगळं इकडे, पलीकडचं तिकडे. डेअरी म्हणून एक म्हैस काढली होती. म्हशीच्या शेपटीमागे आमची गल्ली. अलीकडे.

मी म्हटलं, हद्द मध्येच कधीतरी बदलली असेल.

"माझ्या आजीपासून हीच आहे हो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून खुर्ची आणायला गेल्या. मला खुर्ची नको होती. मी तशीच घरी आले.

म्हणजे जिथे मी लोकांना अडवत होते ते चर्च माझं नव्हतंच. नाही, हे शक्य नाही. ह्यांनी स्वतः चौकशी केली होती. मला पक्कं आठवतंय, हे घर तेव्हा नुकतंच घेतलं होतं, लग्न झाल्यावर ह्यांनी स्वतः जाऊन विचारलं होतं आणि येऊन सांगितलं होतं, आपलं घर तुझ्याच माहेरच्या चर्चला येतं. हे खोटं बोलणारे नव्हते.

सोमवार, २२ सप्टेंबर

नणंदेला फोन केला. ह्यांची धाकटी बहीण, ह्यांच्याबद्दल हिला माहीत नाही असं काही नाही. मी नकाशाचं सांगितलं आणि ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायला उठली, परत येऊन पुन्हा हसली. माझ्या मेलेल्या नवऱ्याला मी खोटं ठरवावं की नाही ह्या काळजीत मी, आणि ही हसतेय.

मग सगळं बोलली. लग्न झालं त्या आठवड्यात म्हणे मी सासूबाईंजवळ बसून रडले होते. मी विसरले होते. मी म्हणत होते, माहेर सुटलं त्याचं काही नाही, पण माझं चर्च सुटलं. तिथे माझं पहिलं कम्युनियन झालं, तिथे मी गायले, आता रविवारी त्या दारातून आत जायला मिळणार नाही. हे बाहेर सायकल पुसत होते, त्यांनी ऐकलं. सायकलवर टांग टाकली आणि पूल ओलांडून जुन्या फादरांकडे गेले. फादर म्हणाले, या की, मिस्सेला कुणीही येऊ शकतं. हे म्हणाले, ते मला कळतं फादर, पण तिला कुणीही म्हणून यायचं नाहीये. तिला आपलं म्हणून यायचंय.

मग घरी येऊन मला सांगितलं की आपलं घर तिकडेच येतं.

मी म्हटलं, आणि नंतर? नंतर सांगायला काय झालं होतं? वर्षानुवर्षं मी दारात उभी राहून लोकांना काय काय विचारलं, आणि हे मागे बसून हसत होते! एक दिवस तोंड उघडायचं.

नणंद म्हणाली, "मी विचारलं होतं वहिनी, दादाला. म्हणाला, आता कसं सांगू, तिला कळलं तर ती स्वतःलाच दारातून परत पाठवेल."

मी फोन ठेवला. इतका राग मला कधीच आला नव्हता. आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस नाही. त्याचा शर्ट तेवढा दाराच्या खिळ्यावर आहे, त्याला बोलून काय उपयोग. तरी बोलले. बरंच बोलले.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सकाळीच फादरांकडे गेले. बसा म्हणाले, बसले नाही. विचारलं, तुम्हाला माहीत होतं का?

होतं. जुने फादर जाताना नव्या फादरांना सांगून गेले होते, पुलापलीकडे एक बाई आहेत, त्यांना हद्दीचं काही बोलू नका. म्हणून घरी आले नाहीत. दुसऱ्याच्या धर्मग्रामात जाऊन घर आशीर्वादित करायचं तर तिथल्या फादरांना विचारायला हवं, आणि विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे चौकशी केली असती. "आणि तुम्ही दारात लोकांना विचारायच्या तेव्हा मला कुठे बघावं कळायचं नाही," म्हणाले. कान लाल झाले होते. पोरच आहे अजून.

म्हणजे सगळ्यांना माहीत. जुने फादर, नवे फादर, नणंद, आणखी कोण कोण. अख्ख्या जगाने मिळून मला सांभाळून घेतलं. मला! मी कुणाला सांगितलं होतं सांभाळायला?

एक गोष्ट विचारायची नव्हती, पण विचारली. म्हटलं, मग हे तिथे दफनभूमीत आहेत ते पाहुणे म्हणूनच का?

फादर म्हणाले, "जुन्या फादरांनी जागा दिली ती सगळं माहीत असून दिली. त्यांच्या शेजारची तुमच्यासाठी ठेवली आहे."

खिडकीतून वारा येत होता, मी खिडकी लावून घेतली. फादर पुढे समजावत बसले, की हक्काने तुम्ही तिकडच्याच. उद्या मुलीचं लग्न निघालं तर आधी त्या फादरांना विचारावं लागेल. मिस्सेला तिकडे जायला तुम्हाला जवळही पडेल, वय झालं, पूल चढायला नको.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मी कुठे जायचं ते तुम्ही सांगणार? बंधन नाही हे तुम्हीच तोंडाने सांगितलंत ना? मग मी पूल चढीन, नाहीतर पोहून येईन, नऊची मिस्सा मी इथेच ऐकणार. बघते कोण अडवतं.

तो मुलगा चक्क हसला. गालातल्या गालात. ह्या चर्चात पाय ठेवला की पुरुषांना हे हसू लागतं की काय कोण जाणे.

वर्षाची मिस्सा पुन्हा लिहून घ्या म्हटलं तर म्हणाले, खोडलीच नव्हती. मी स्पष्ट शब्दांत रद्द करायला सांगितलेली गोष्ट ह्यांनी रद्द केली नाही. काय हा कारभार!

रविवार, २८ सप्टेंबर

शेवटच्या बाकावर बसून मिस्सा ऐकली. दारात आता कुणीच नसतं. लोक कसेही आले, कसेही बसले. एक बाई तर पुढच्या दाराने शिरली. मी डोळे मिटून घेतले.

अंबाडेवाल्या बाईंना काल जाऊन सांगून आले की तुमच्याकडे मिस्सा नको, आणि आमचे फादर माझ्या घरी येणार आहेत त्याला तुमच्या फादरांची हरकत नसावी. त्या म्हणाल्या, हरकत कसली, दोघंही येतील. दोघंही! आता बिस्किटं किती आणायची?

रविवार, ५ ऑक्टोबर

आज वर्ष झालं.

लेक रात्रपाळी करून तशीच आली, हॉस्पिटलचे पांढरे बूट पायात. माझ्या डाव्या हाताला बसली. उजवीकडे बाकाच्या टोकाला पर्स ठेवली होती. लेकीने पर्सकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिने माझा हात धरला होता.

पहिलं गाणं संपलं तरी लोक येतच होते. आज चर्च भरलं होतं, ह्यांच्यासाठी बस डेपोतलीही बरीच माणसं आली होती. तेवढ्यात दारात एक जण थबकला. सामान घरपोच पोचवणारा असावा, हातात हेल्मेट, पाठीवर चौकोनी पिशवी, धापा टाकत होता. सगळीकडे बघून त्याची नजर पर्सच्या जागेवर आली. मग माझ्यावर आली.

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. आधीच म्हणाला, "मी इथला नाही. उभा राहीन मागे."

म्हणजे बाहेरच कुणीतरी ह्याला सांगून ठेवलं असणार, आत एक बाई आहे, विचारते म्हणून. लोकांच्या जिभेला हाड नाही. मला इतका राग आला की मी पर्स उचलून मांडीवर घेतली.

"मीही इथली नाही," मी म्हटलं. "बसा."

तो बसला. हेल्मेट पायाशी ठेवलं. फादरांनी वेदीवरून ह्यांचं नाव वाचलं, पूर्ण नाव, आडनावासकट, आणि आमच्या धर्मग्रामाचे असं म्हणून वाचलं. खोटं बोलले वेदीवरून. मी नंतर ह्याबद्दल त्यांना बोलणार आहे.

पर्स मांडीवर घेऊन अख्खी मिस्सा काढावी लागली. गुडघे टेकताना तर फार गैरसोय झाली, दोनदा खाली पडली, दोनदा त्या हेल्मेटवाल्याने उचलून दिली. मध्ये एकदा शेजारी कुणीतरी हसल्यासारखं वाटलं म्हणून मी वळून बघितलं. तो बिचारा डोळे मिटून प्रार्थना करत होता.

हसा म्हणावं, हसा.